गोव्यातून हौशी गोल्फ टूर लावायची का? फी भरण्याआधी करायची सात कामं

गेल्या दोन हंगामांत ओळखीच्या चौघांनी मला विचारलं, "टूर लावू का?" चौघांनीही हा प्रश्न वर्षाची फी भरून झाल्यावर विचारला. त्यातल्या तिघांनी दुसऱ्या स्पर्धेनंतर जाणंच सोडलं. खेळ कुणाचाच वाईट नव्हता. कामांचा क्रम उलटा झाला होता: आधी फी, मग हँडिकॅपची (खेळाच्या दर्जानुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची) धावपळ, मग रजांचा हिशेब आणि सगळ्यात शेवटी नियम. खाली तीच कामं मी ज्या क्रमानं करायला हवीत त्या क्रमानं लिहिली आहेत. सगळ्याला मिळून तीन-चार महिने लागतात. जूनमध्ये सुरुवात केली तर ऑक्टोबरला हातात नक्की उत्तर असतं.

टूर म्हणजे इथे मला एवढंच म्हणायचं आहे: वर्षभरात वेगवेगळ्या कोर्सवर ठरलेल्या स्पर्धा, हँडिकॅपप्रमाणे पाडलेले गट म्हणजे फ्लाइट, प्रत्येक स्पर्धेचे गुण आणि शेवटी अंतिम फेरी. ऑफिसच्या किंवा मित्रांच्या एक दिवसाच्या स्क्रॅम्बलला (सगळ्यांनी मारून संघाचा सर्वांत चांगला चेंडू पुढे खेळायचा प्रकार) हे सगळं लागू नाही, तिथे बिनधास्त जा.

१. मान्य हँडिकॅप काढा

मोबाइलवरच्या ॲपनं दाखवलेला आकडा टूरवर चालत नाही. हँडिकॅप इंडेक्स लागतो तो इंडियन गोल्फ युनियनशी संलग्न क्लबमार्फत काढलेला. आपल्याकडे इथेच अडतं, कारण गोव्यातला बराचसा गोल्फ हॉटेलांच्या आवारात आहे. काणकोणला राजबागेचा ९ होलचा कोर्स, मोबोरला १२ होलचा पार-३ कोर्स (पार म्हणजे त्या होलला अपेक्षित फटके). पाहुणा म्हणून ग्रीन फी भरून खेळता येतं, पण तेवढ्यानं हँडिकॅप मिळत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे पुणे, बेंगळुरू किंवा जिथे तुमचं जाणं-येणं आहे तिथल्या संलग्न क्लबकडे विचारणा करणं: बाहेरगावच्या माणसाला कोणत्या प्रकारचं सभासदत्व मिळतं आणि त्यात हँडिकॅपची नोंद धरली आहे का?

सुरुवातीला ५४ होलची कार्डं द्यावी लागतात. ती ९ आणि १८ होलच्या राउंडची कशीही जुळवणी करून चालतात. प्रत्येक कार्ड मार्करच्या (तुमचे फटके मोजून लिहिणाऱ्याच्या) सहीचं हवं आणि कोर्सला अधिकृत कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग (कोर्स किती अवघड हे सांगणारे आकडे) हवं. २०२४ पासून लहान कोर्सनाही रेटिंग मिळू शकतं (१८ होल मिळून १५०० यार्ड असले तरी), त्यामुळे "हा कोर्स छोटा, इथलं कार्ड चालणार नाही" असं आपणच ठरवू नका. कोर्सच्या कार्यालयात विचारा: रेटिंग झालंय का, आणि कोणत्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा)?

आकडा कसा बनतो हे एकदा कागदावर करून बघा. समजा कोर्स रेटिंग ७१.५, स्लोप १२५ आणि तुमचे ९२ झाले. ९२ मधून ७१.५ वजा केले की २०.५. त्याला ११३ ने गुणा, १२५ ने भागा: १८.५. हा त्या राउंडचा डिफरन्शियल. वीस राउंड झाले की त्यातल्या सर्वांत चांगल्या ८ ची सरासरी म्हणजे तुमचा इंडेक्स.

"चांगल्या ८ ची" हे शब्द नीट लक्षात ठेवा. हँडिकॅप तुमच्या रोजच्या खेळाची सरासरी सांगत नाही, तुमच्या चांगल्या दिवसांची सांगतो. त्यामुळे बहुतेक राउंडमध्ये तुमचा नेट स्कोअर (फटक्यांतून हँडिकॅप वजा करून उरणारा) पारच्या वरच येणार. टूरवर पहिल्याच दिवशी नेट ७८ आले म्हणून खचलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

तपासा: तुमच्या इंडेक्समागे किमान ८-१० कार्डं आहेत का? फक्त तीन कार्डांवर निघालेला आकडा कच्चा असतो (तीनमधल्या सर्वांत चांगल्या डिफरन्शियलमधून आणखी २ वजा करून तो काढतात), आणि त्यावर फ्लाइट निवडली तर चुकीच्या गटात पडाल.

२. तीन राउंड, एकही सवलत न घेता

सातही कामांत मी सगळ्यात जास्त भर या एका कामावर देतो. वेळ कमी असेल तर बाकी काही उरका, हे उरकू नका.

माझा एक मित्र मडगावात दुकान चालवतो. रविवारी आमच्यात त्याचे ८८-९० व्हायचे. टूर लावायची म्हणाला तेव्हा मी राजबागेला त्याचा मार्कर झालो. चौथ्या होलवर तिसऱ्या फटक्याला ग्रीनवर (कपाभोवतीच्या आखूड गवतावर) आला, पहिला पट (ग्रीनवर कपाकडे मारलेला फटका) अडीच फुटांवर थांबला. सवयीनं हात पुढे केला चेंडू उचलायला. "नको उचलू रे, घाल," म्हटलं. त्यानं पटर टेकवला, घाईत मारला. चेंडू कपाच्या ओठावरून फिरून खाली तीन फूट घरंगळला. परतीचाही चुकला. ज्या होलवर तो एरवी ५ लिहून पुढे गेला असता तिथे ७ लिहावे लागले. मग दोन मलिगन (चुकलेला फटका न मोजता पुन्हा मारायची सवलत) मागितले नाहीत, हरवलेल्या चेंडूसाठी मागे जाऊन पुन्हा मारलं, आणि संध्याकाळी कार्डावर ९९ होते. कार्ड हातात धरून तो बराच वेळ गप्प बसला. पण त्याच ९९ मुळे त्यानं फ्लाइट बरोबर निवडली आणि आज तो आनंदानं खेळतोय.

तीन राउंडची अट अशी:

- प्रत्येक होलवर चेंडू कपात पडेपर्यंत खेळायचं. गिमी (कपाजवळचा चेंडू पडला असं धरून उचलणं) नाही, मलिगन नाही.
- चेंडू जसा पडलाय तसाच मारायचा. पावसाळ्यात कोर्सनं फेअरवेवर (होलच्या मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू उचलून पुसून ठेवायची मुभा जाहीर केली असेल तर तेवढीच घ्यायची. असं कार्ड हँडिकॅपलाही चालतं.
- मार्कर तुमच्या नेहमीच्या टोळीबाहेरचा असावा. ओळखीचा माणूस दया करतो.
- तीनपैकी किमान एक राउंड गोव्याबाहेर, पूर्ण लांबीच्या १८ होलच्या कोर्सवर.

शेवटची अट पैशांची आहे हे मान्य. तरी ती सोडू नका. वर्षभर पार-३ वर खेळणाऱ्याच्या हातात वेज आणि नऊ नंबर (जवळच्या फटक्यांचे क्लब) मुरलेले असतात, लांब फटक्याचा ड्रायव्हर मात्र बॅगेतून फक्त पुसायला बाहेर येतो. पुण्या-बेंगळुरूच्या लांब पार-४ वर दुसरा फटका १८० यार्डांचा उरला की हा फरक लगेच कळतो. शिवाय ग्रीनचा वेग. आपल्या दमट हवेत, पावसानंतर ग्रीन बहुधा संथ असतात. वेगवान ग्रीनवर उतारावरचा सहा फुटांचा पट इथल्या हातानं मारला तर पुढे दहा फूट जातो.

राउंड संपल्यावर फक्त एकूण आकडा लिहून थांबू नका. तीन गोष्टी मोजा: किती वेळा तीन किंवा जास्त पट लागले, किती फटके पेनल्टीत गेले, आणि शेवटच्या पाच होलवर पारपेक्षा किती वर गेलात. तिसरा आकडा बाकीच्या होलांच्या मानानं मोठा असेल तर तुमची अडचण दमाची आहे. चालत १८ होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर आणि साडेचार-पाच तास. क्लब बदलून हा प्रश्न सुटत नाही.

सावधान: तीनमधला एक राउंड वाईट गेला म्हणून तो वगळून चौथा खेळू नका. तिन्ही मोजायचे.

३. हे नियम अंगवळणी पाडा

पूर्ण नियमपुस्तक पाठ करायची गरज नाही. नवा माणूस टूरवर बाद होतो तो ठरावीक ठिकाणीच.

सर्वांत मोठी जागा म्हणजे कार्ड. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहिलेल्या कार्डावर सही करून दिलंत तर सर्वसाधारणपणे बाद. जास्त लिहिला असेल तर तो जास्तीचा आकडा कायम राहतो. बेरीज चुकली तर ती समिती बघते, पण प्रत्येक होलचा आकडा तुमची जबाबदारी. म्हणून सही करण्याआधी मार्करसमोर बसून अठराही होल मोठ्यानं वाचायचे. त्याला लागतात दोन मिनिटं, आणि तीच दोन मिनिटं माणसं वाचवायला बघतात कारण भूक लागलेली असते.

हरवलेला चेंडू शोधायला ३ मिनिटं मिळतात, त्यापुढे नाही. चेंडू झाडीत गेला असं वाटलं तर जागेवरूनच "प्रोव्हिजनल मारतोय" (म्हणजे तात्पुरता चेंडू) असं स्पष्ट बोलून दुसरा मारा. न बोलता मारलात तर तो दुसरा चेंडूच खेळात येतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. मित्रांत आपण "इथेच टाक, एक वाढव" म्हणतो. स्पर्धेनं तसा स्थानिक नियम लावलेला नसेल तर ते चालत नाही.

बॅगेत १४ क्लबांपेक्षा जास्त नकोत. मुलाचा किंवा सरावाचा जुना क्लब आदल्या रात्री काढून ठेवा. पंधरावा सापडला तर ज्या होलवर तो जवळ होता त्या प्रत्येक होलमागे दोन फटके, राउंडमध्ये जास्तीत जास्त चार.

टीवर वेळेत. ५ मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके, त्यापुढे बाद. आणि स्ट्रोक प्लेच्या (एकूण फटके मोजायच्या स्पर्धेच्या) दिवशी सकाळी राउंडआधी कोर्सवर जाऊन सराव करता येत नाही. पटिंग आणि चिपिंग पहिल्या टीजवळ किंवा सरावाच्या जागेत करा. अंतर मोजायचं यंत्र सहसा चालतं, पण चढ-उताराचा हिशेब दाखवणारी सोय बंद केलेली हवी.

कॅडीनं (बॅग वाहणाऱ्या मदतनिसानं) केलेली चूक तुमच्या नावावर लागते. नवीन कोर्सवर नवीन कॅडी घेताना हे लक्षात असू द्या.

तपासा: वरचं न बघता कुणाला तरी समजावून सांगता येतं का? अडखळलात तर पुढचं काम थांबवा.

४. टूरचं नियमपत्रक ओळ न ओळ वाचा

पहिल्यांदा मी एका टूरची वर्षाची फी भरली ती फोनवरच्या गोड बोलण्यावर. दुसरी स्पर्धा पावसानं रद्द झाली, नवी तारीख आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवली गेली, मला जमेना आणि पैसे परत मिळाले नाहीत. नियमपत्रकात ते लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी फोनआधी कागद मागतो आणि त्यात पुढच्या गोष्टी शोधतो.

*खेळाचा प्रकार.* स्ट्रोक प्ले असेल तर एका होलवरचे ११ सुद्धा मोजले जातात. स्टेबलफोर्डमध्ये प्रत्येक होलला गुण: नेट पारला २ गुण, बर्डीला (पारपेक्षा एक कमी) ३, बोगीला (एक जास्त) १, आणि त्यापुढे शून्य. एक होल बिघडला तर तेवढ्यावरच संपतं. पहिल्या वर्षी स्टेबलफोर्ड असलेली टूर मिळाली तर तीच घ्या. ज्याचा एक-दोन होलवर हमखास घोटाळा होतो त्याच्यासाठी तर नक्कीच.

*हँडिकॅप कुठला धरतात आणि तो कोण तपासतं.* इंडेक्सवरून त्या कोर्सचा हँडिकॅप काढतात. १८.४ इंडेक्स असलेल्याला पार ७२, रेटिंग ७१.५, स्लोप १२५ असलेल्या कोर्सवर साधारण २० मिळतात. वैयक्तिक स्ट्रोक प्लेत त्याचे ९५ टक्के धरले तर १९. टूर हे करते की इंडेक्सच सरसकट धरते? पत्रकात स्पष्ट नसेल तर विचारा.

मागच्या हंगामाचे निकालही मागा. तीच दोन-तीन नावं दर वेळी नेट ६२-६३ नं जिंकत असतील तर तिथे हँडिकॅप फुगवून खेळणारे आहेत आणि आयोजक डोळेझाक करतायत. अशा टूरला माझं उत्तर सरळ नाही असतं. कितीही चांगले कोर्स असू देत.

*बक्षिसं.* हौशी दर्जाचे नियम २०२२ पासून सोपे झाले आहेत, पण संपलेले नाहीत. हँडिकॅपवरच्या स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. वस्तू किंवा व्हाउचर चालतं. स्क्रॅच (हँडिकॅप न धरणाऱ्या) स्पर्धेत रोख चालतं. दोन्हीकडे मर्यादा १००० अमेरिकन डॉलरची. नेट गटात रोख रक्कम जाहीर करणारी टूर दिसली तर आधी लेखी खुलासा मागा, कारण दर्जा तुमचा जाणार आहे.

*बाकी:* फी परतीचा नियम, पावसाची तारीख, अंतिम फेरीसाठी किमान किती स्पर्धा खेळाव्या लागतात, बरोबरी झाली तर शेवटचे ९, ६, ३ होल बघतात की आणखी काही.

५. हंगामाचा हिशेब: पैशांआधी दिवस

गोव्यातल्या माणसाला हे काम सगळ्यात जड जातं. गोल्फच्या बऱ्याच स्पर्धा कोरड्या, थंड महिन्यांत असतात. आपल्याकडे तेच महिने पर्यटनाच्या हंगामाचे. हॉटेल, टॅक्सी, दुकान, इव्हेंट, यांपैकी कशातही असाल तर डिसेंबरच्या शनिवारी पुण्याला जाणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. नोकरदारांचं थोडं बरं, पण त्यांच्या रजा चवथीला आणि शिगम्याला आधीच गेलेल्या असतात.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा, टूरच्या तारखा त्यावर लाल शाईनं लिहा. एका स्पर्धेला एक दिवस धरू नका. एक दिवस जायला आणि सरावाच्या राउंडला, एक खेळायला, एक परतायला. ६ स्पर्धा म्हणजे १८ दिवस. आता ते कॅलेंडर घरात जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि घरच्यांना दुसऱ्या शाईनं त्यांच्या तारखा लिहू द्या: परीक्षा, लग्नं, गावची जत्रा, आईची तपासणी. ज्या दिवशी दोन शाया एकमेकींवर येतात ते दिवस मोजा. सहापैकी चार स्पर्धा मोकळ्या राहत नसतील तर वर्षाची फी भरू नका. सुट्या प्रवेशावर खेळा.

पैशांचा हिशेब त्यानंतर. टूरची फी हा त्यातला लहान भाग असतो. एका स्पर्धेसाठी वेगळा कागद घ्या आणि लिहा: स्पर्धेची एंट्री, सरावाच्या राउंडची ग्रीन फी, कॅडी आणि त्याची बक्षिसी, कार्ट, दोन रात्री, जेवण, प्रवास, चेंडू, आणि बुडालेला कामाचा दिवस. शेवटचं कलम लोक लिहीतच नाहीत.

प्रवासाचं थोडं. पुण्यासाठी वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस लोंढा-बेळगावमार्गे रात्रभरात नेते आणि बॅग बर्थखाली आडवी बसते. विमानानं जात असाल तर तिकिटाआधी गोल्फ बॅगेचा नियम आणि दर बघा. एअरलाइननुसार तो बदलतो. मोपाहून की दाबोळीहून, हेही आधी ठरवा. काणकोणच्या माणसाला मोपा म्हणजे अख्ख्या गोव्याची लांबी. चौघं असाल तर गाडी सगळ्यात स्वस्त, पण अनमोड किंवा चोर्ला घाट रात्री उतरून दुसऱ्या दिवशी कामावर जायचा बेत करू नका.

सावधान: पावसाळ्यानंतर पहिल्या प्रवासाआधी बॅग उघडून बघा. इथल्या हवेत चार महिन्यांत ग्रिप चिकट होतात, ग्लोव्हला बुरशी येते, वेजच्या खाचांत गंज बसतो. ग्रिप साबणाच्या पाण्यानं धुऊन सुकवा. हे काम आदल्या रात्री होत नाही.

६. एकच स्पर्धा पाहुणा म्हणून खेळा

बऱ्याच टूर वर्षाची फी न घेता एका स्पर्धेला प्रवेश देतात, थोडी जास्त एंट्री घेऊन. तेवढी जास्तीची रक्कम आनंदानं द्या. सराव राउंडला स्कोअर मोजू नका. प्रत्येक ग्रीनच्या चारही कडांवरून एकेक पट मारा आणि कोणत्या टीवर ड्रायव्हर घ्यायचा नाही ते कार्डाच्या मागे लिहा.

स्पर्धेच्या दिवशी निकालापलीकडे तीन गोष्टी बघा. स्टार्टर वेळेवर गट सोडतो का. तुमचा मार्कर खरोखर फटके मोजतो का, की शेवटी "तुझे किती?" असं विचारून लिहितो. आणि पेनल्टीवरून वाद झाला तर नियम सांगणारा माणूस किती वेळात येतो. ज्या टूरवर या तिन्ही गोष्टी ठीक आहेत तिथे बक्षीस समारंभ साधा असला तरी चालतो.

परतीच्या प्रवासात, त्याच दिवशी, वहीत एक उत्तर लिहा: पहिल्या टीवर पोटात गोळा आला होता तो कितव्या होलपर्यंत टिकला? तिसऱ्या-चौथ्यापर्यंत असेल तर तो सगळ्यांनाच येतो. अठराव्यापर्यंत तसाच होता आणि एकाही फटक्यात मजा आली नसेल, तर तेही लिहा, लपवू नका.

७. ठरलेल्या तारखेला ठरवा

फी भरायच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवस, ही तुमची तारीख. समोर चार कागद हवेत: मान्य इंडेक्स, तीन राउंडची कार्डं, शायांनी भरलेलं कॅलेंडर आणि एका स्पर्धेचा खरा खर्च गुणिले स्पर्धांची संख्या.

तिन्ही कार्डं पूर्ण असतील, चार तरी तारखा मोकळ्या असतील, खर्चाचा एकूण आकडा घरात मोठ्यानं सांगता येत असेल आणि वहीतलं उत्तर बरं असेल तर वर्षाची फी भरा. फ्लाइट निवडायची मुभा असेल तर इंडेक्स सांगेल तीच घ्या. खालच्या गटात शिरून जिंकण्याचा मोह झाला तर पायरी ४ पुन्हा वाचा.

कॅलेंडर आडवं येत असेल पण खेळाची ओढ आहे, तर या वर्षी दोन सुट्या स्पर्धा. कार्डं अपुरी असतील तर पुढचा जून. दोन्हीमध्ये हँडिकॅप जिवंत ठेवा: महिन्याला एक तरी सहीचं कार्ड क्लबकडे गेलं पाहिजे, ९ होलचं असलं तरी.

नाही असं ठरलं तर आयोजकांना त्याच आठवड्यात एका ओळीत लेखी कळवा. पाहुणा म्हणून भरलेल्या एंट्रीची पावती जपून ठेवा. काही टूर त्याच हंगामात नंतर नाव नोंदवणाऱ्याला ती रक्कम फीतून वजा करून देतात. विचारल्याशिवाय मात्र कुणी सांगत नाही.